चार वाड्या, चार स्लॉट

रिकामी जागा ही समाजस्वास्थ्याला घातक असते. तिच्याकडे पाहिलं की माणसाच्या मनात नको ते प्रश्न येतात. ही कोणाची, इथे मी का नाही, आणि उद्या इथे तो बसला तर मी काय करायचं? म्हणून सुधारलेल्या समाजात जागा दिसली की ती आधी भरतात आणि ती होती कशासाठी याची चौकशी सवडीने करतात. या दृष्टीने रत्नागिरी तालुक्यातलं मौजे चिरेखोल हे गाव बरंच सुधारलेलं आहे.

चिरेखोलात चार वाड्या आहेत. देऊळवाडी, मधलीवाडी, खालचीवाडी आणि वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, सडेवाडी. गावात जे जे आहे ते चौघांत वाटलेलं आहे. ग्रामदेवतेच्या देवळात पंखे चार, आणि प्रत्येकाच्या पात्यांवर देणाऱ्याचं नाव (ते वाचता यावं म्हणून पंखे सहसा बंद ठेवतात). बाकं चार. घंटा पूर्वी एकच होती, पण १९९१ साली तिच्यावरून बोलाचाली झाली आणि तेव्हापासून घंटाही चार आहेत. शिमग्यात पालखी कुठल्या वाडीत किती वेळ नाचते हे घड्याळ लावून मोजलं जातं आणि ते घड्याळ कोणी धरायचं याची पाळी लावलेली आहे. गावकीच्या दप्तरात गेल्या चाळीस वर्षांचे त्रेपन्न तंटे नोंदले आहेत. त्यांतले एकोणपन्नास मानपानावरून आणि चार पाण्यावरून. पाण्याचे चारही अजून चालू आहेत, कारण मानपानातून सवड झाली नाही.

या गावकीचे गावकर, म्हणजे प्रमुख, सखाराम कळंबटे. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते आणि रत्नागिरी आगारातून निवृत्त झाले. राहणारे देऊळवाडीचे, पण अकरा वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी आपल्या वाडीकडे कधी झुकतं माप टाकलं नाही, हे सडेवाडीचे लोकही कबूल करतात (कोणी विचारलं तर). तंटा मिटवण्याची त्यांची पद्धत साधी होती. एकाला दिलं तर चौघांना द्यायचं, आणि चौघांना पुरत नसेल तर कोणालाच द्यायचं नाही. या पद्धतीने गावाला दवाखाना मिळाला नाही, पण भांडणही झालं नाही.

सखारामांना मुलगी एकच, मृणाली. इथे थोडी आकडेवारी देणं भाग आहे. चिरेखोलच्या मतदार यादीत अठरा ते तीस वयाची माणसं बासष्ट. पैकी मुंबईत छप्पन्न, पुण्यात तीन, बोटीवर दोन आणि प्रत्यक्ष गावात एक. टक्केवारीत हा आकडा एक पूर्णांक सहा दशांश होतो, आणि तो रोज संध्याकाळी सखारामांच्या ओटीवर बसून चहा पितो. तरुण पिढी गावात टिकली पाहिजे असं जेव्हा जेव्हा सभेत म्हटलं जाई तेव्हा सगळे मृणालीकडे बघत, आणि ती खाली बघे.

मृणालीने रत्नागिरीत पदवी घेतली आणि घरांची त्रिमिती चित्रं काढायची विद्या घरबसल्या शिकून घेतली. अंधेरीतली एक कंपनी तिला काम देऊ लागली. ज्या इमारतीचा अजून पायासुद्धा खणलेला नाही, तिच्या अकराव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात सकाळचं ऊन कसं येईल हे ती कॉम्प्युटरवर हुबेहूब दाखवायची. खिडकीबाहेर समुद्र दाखवायची. तो रत्नागिरीजवळच्या आरे-वारेचा असे, पण गिऱ्हाइकं तो वरळीचा समजून घेत. कंपनीने तिला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. तेरा शनिवार, दर शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत अशा चित्रांची एक फिल्म तयार करून पाठवायची. तेरा पार पडले की नोकरी कायम, आणि बसायचं गावातच.

सखारामांनी आयुष्यभर लोकांच्या पोरांना मुंबईच्या गाडीत बसवून दिलं होतं. आपल्या पोरीला बसवून द्यायची वेळ येऊ नये एवढंच त्यांचं देवाकडे मागणं होतं, आणि ते मागताना त्यांना लाज वाटत नसे.

मृणालीला कॉम्प्युटरचं हे यंत्र मिळालं ते मुंबईकर मंडळाच्या ‘युवक टिकवा’ या योजनेतून. मंडळाचे चिटणीस सुजय बने हे बावीस वर्षं डोंबिवलीत राहून गावाचा विचार करतात. यंत्र गावकीच्या सभागृहामागच्या खोलीत ठेवण्यात आलं. एकाच दात्याने ते देणं इतरांवर अन्याय करणारं ठरलं असतं, म्हणून ते भागाभागाने देण्यात आलं. कॅबिनेट आणि आतली मुख्य यंत्रणा मंडळाची. कीबोर्ड खालचीवाडी क्रिकेट संघाचा. माऊस देऊळवाडी महिला मंडळाचा (त्यावर नाव मावेना म्हणून वायरीला चिठ्ठी बांधली आहे). खुर्चीवरची उशी सडेवाडीची. रॅमच्या पट्ट्या दोन, एक देऊळवाडीची, एक मधलीवाडीची. रॅम म्हणजे यंत्राची कामापुरती आठवण. ती जितक्या वेगाने हलते तितकं काम लवकर उरकतं. या दोन पट्ट्या सहा हजारांच्या वेगाने हलत होत्या आणि मृणालीची फिल्म नऊ तासांत तयार होत होती. पहिले पाच शनिवार असे निर्वेध गेले.

चूक झाली ती कॅबिनेट निवडताना. त्याची एक बाजू काचेची होती.

सहाव्या आठवड्यात सडेवाडीचा रामा गोताड एक दाखला छापून घ्यायला त्या खोलीत आला. रामा चिरेखाणीवर मापारी होता. जांभ्या दगडाचे चिरे मोजण्यात त्याची हयात गेली होती, त्यामुळे कुठल्याही रांगेतली उणीव त्याला लगेच दिसे. दाखला छापून होईपर्यंत तो काचेतून आत बघत उभा राहिला. मग त्याने मृणालीला विचारलं, “बाय, ह्या चार खाचा हायत. दोन भरल्यात. बाकीच्या दोन कोणाच्या?”

“कोणाच्या नाहीत, रामाकाका. रिकाम्या आहेत.”

“रिकाम्या म्हंजे कोणाच्यातरी असणारच,” रामा म्हणाला आणि दाखला न घेताच गेला.

गावकीची सभा दुसऱ्याच दिवशी भरली. उणिवा दोन नव्हत्या, तीन निघाल्या. खालचीवाडी आणि सडेवाडी यांची पट्टी नव्हती ही पहिली आणि दुसरी. तिसरी देऊळवाडीच्याच लक्षात आली. पट्ट्या दोन आणि चार नंबरच्या जागी बसवलेल्या होत्या. म्हणजे मानाने पहिली असलेली देऊळवाडी दोन नंबरवर बसली होती आणि पहिली जागा उघडी पडली होती. पाच आठवडे ही परिस्थिती चालू राहिली, हे समजल्यावर देऊळवाडीच्या दोन वृद्धांना पाणी द्यावं लागलं.

खुलासा करण्यासाठी विनीतला बोलावण्यात आलं. विनीतचं रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि हे यंत्र त्यानेच जोडलं होतं. तो म्हणाला, “मेमरीकडे जायचे रस्ते दोनच असतात. एका रस्त्यावर एक पट्टी असली की ती सुसाट जाते. एका रस्त्यावर दोन-दोन बसवल्या की यंत्र स्वतःच वेग उतरवतं, सहा हजारांवरून छत्तीसशेवर. नाही उतरवला तर आतले आकडे चुकायला लागतात. शिवाय तिला जेवढी मेमरी लागते तेवढी दोन पट्ट्यांत आहे.”

सभेला काही कळलं नाही. सखारामांना मात्र लख्ख कळलं. “म्हणजे आंबा घाट,” ते म्हणाले. “गाडी भरली की दुसऱ्या गियरवर.”

“बरोबर, काका.”

“पण दादा,” रामा उठून म्हणाला, “घाटात जोरात जाते म्हणून तुमी कवा रिकामी गाडी सोडलीव काय? आणि आमची वाडी काय टपावर बसवणार?”

सखारामांनी उभ्या आयुष्यात रिकामी गाडी सोडली नव्हती. उलट उभ्याने अकरा प्रवासी न्यायची परवानगी असताना चोवीस नेल्याबद्दल त्यांच्यावर दोनदा ठपका होता. त्यांनी मृणालीकडे पाहिलं. ती दाराशी उभी होती. चौघांना द्यायचं नाहीतर कोणालाच नाही, हा नियम त्यांचाच होता, आणि कोणालाच नाही म्हटलं तर पोरीचं यंत्रच बंद पडत होतं. त्यांनी ठराव मांडला:

‘ठराव क्र. ४: सदर यंत्रातील चारही जागा चारही वाड्यांनी समप्रमाणात भरणेत याव्यात. प्रथम क्रमांकाच्या जागी देऊळवाडीची पट्टी बसविणेत यावी. वेग कमी न करणेबाबत यंत्रास योग्य ती समज देणेत यावी.’

पट्ट्या आल्या, बसल्या, आणि विनीतने बटण दाबलं. पडदा काळा तो काळाच. पाच मिनिटं झाली. विनीत म्हणाला, “घाबरू नका. यंत्र चारही पट्ट्यांची ओळख करून घेतंय. पहिल्यांदा वेळ लागतो.” हे मात्र सगळ्यांना पटलं. चार वाड्यांची माणसं प्रथमच एका ओळीत बसवली की वेळ लागायचाच. तरीही उपचार म्हणून सखारामांनी यंत्रासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा महाराजा, आज तुझ्या चारी वाड्यांच्या लेकरांनी आपापली पट्टी आणून ह्या पेटीत बसवलीय महाराजा.”

“होय महाराजा,” सभा म्हणाली.

“त्यांच्यात कोण मोठा कोण धाकटा असा वाद होऊ देऊ नको महाराजा.”

“होय महाराजा.”

“आणि ह्या यंत्रावर जे काय लेकरू मेहनत करतंय, तिचं काम वेळेत उरकू दे महाराजा.”

अकराव्या मिनिटाला यंत्र लागलं. वेग छत्तीसशे. फटाके वाजवण्यात आले.

त्या शनिवारी मृणालीची फिल्म नऊ तासांऐवजी तेरा तासांनी झाली आणि दोन तास उशिरा पोचली. पुढच्या शनिवारी ती लवकर सुरू करूनही पावणेतीन तास उशीर झाला, कारण मध्ये वीज गेली आणि मग यंत्र सगळ्यांची पुन्हा ओळख करून घेत बसलं. कंपनीकडून दोन ओळींचा निरोप आला. काम उत्तम आहे, पण वेळ तिसऱ्यांदा चुकली तर विचार करावा लागेल. मृणालीने तो निरोप आईला दाखवला, म्हणजे गंगाबाईंना. गंगाबाईंनी तो नवऱ्याला वाचून दाखवला, दोनदा, आणि जेवायला वाढलं.

सखाराम सकाळच्या गाडीने विनीतच्या दुकानात गेले. विनीतने बराच विचार केला आणि खणातून एक पट्टी काढून त्यांच्यासमोर ठेवली. दिसायला अगदी रॅमची. “आत काही नाही,” तो म्हणाला. “नुसते दिवे लागतात. चारही जागा भरलेल्या दिसायला हव्या असतात ना लोकांना, त्यांच्यासाठी कंपन्याच काढतात.”

जगात आणखीही चिरेखोलं आहेत हे ऐकून सखारामांना बरं वाटलं. त्यांनी अशा दोन पट्ट्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी सभागृह झाडायच्या निमित्ताने खोली बंद करून विनीतने खालचीवाडीची आणि सडेवाडीची खरी पट्टी काढली, त्या जागी दिव्यांच्या बसवल्या, आणि खऱ्या पट्ट्या गंगाबाईंच्या पापडाच्या डब्यात गेल्या. एकतीस वर्षांत एका प्रवाशालाही विनातिकीट न सोडलेल्या माणसाने आयुष्यात प्रथमच खोटेपणा केला. त्याला झोप चांगली लागली, हे त्याला नंतर फार लागून राहिलं.

यानंतरचे पाच शनिवार म्हणजे चिरेखोलच्या इतिहासातला सुवर्णकाळ होय. वेग पुन्हा सहा हजार झाला. फिल्म दुपारीच जाऊ लागली. कंपनीने मृणालीच्या एका स्वयंपाकघराची तारीफ केली. चार पट्ट्या चमकत होत्या, आणि त्यांत खालचीवाडीची आणि सडेवाडीची जास्त चमकत होत्या, कारण त्यांना दुसरं काम नव्हतं. रामा पाहुण्यांना मुद्दाम खोलीत आणून काचेतून आपली पट्टी दाखवत असे. चारही वाड्यांत समाधान होतं. एकच अडचण होती ती म्हणजे हे सगळं खोटं होतं, पण तिचा कोणाला उपद्रव नव्हता.

तेराव्या शनिवारच्या चार दिवस आधी रामा एका पाहुण्याला यंत्र दाखवत असताना पडद्याच्या कोपऱ्यात आकडा दिसला. चौसष्ट. पट्टीवर बत्तीस लिहिलेलं असतं हे त्याला माहीत होतं. तो तडक सखारामांच्या ओटीवर आला.

“दादा, चार बत्तिसं एकशेअठ्ठावीस. यंत्र चौसष्टच बोल्तंय.”

“यंत्र कधीकधी अर्धंच सांगतं,” सखाराम म्हणाले.

“असंल. मंग उद्या सकाळी देवाला कौल लावून घेऊ. मनात शंका नको.”

कौल म्हणजे देवाच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. प्रश्न विचारायचा मान गावकराचा. सकाळी देवळात चारही वाड्या जमल्या. कळ्या लावल्या गेल्या. सखारामांनी हात जोडले, आणि ‘चारी पट्ट्या खऱ्या आहेत काय’ एवढे शब्द त्यांच्या तोंडातून फुटेनात. ते वळले आणि म्हणाले, “देवाला कष्ट नकोत. दोन खोट्या आहेत. मी बसवल्यात. खऱ्या माझ्या घरात पापडाच्या डब्यात आहेत.”

कोणी ओरडलं नाही. मग रामा हळूच म्हणाला, “म्हंजे एवढे दिवस आमची वाडी पापडाच्या डब्यात व्हती.”

“पोरीचं काम होतं, रामा. शेवटचे आठवडे राहिले होते.”

“पोर आमचीबी हाय, दादा. सांगितलं असतंव तर आमी काय नाय म्हटलं असतं?” रामाचे डोळे भरून आले होते, आणि हे त्याचं बोलणं खरं होतं. मृणालीने गावात राहावं असं चारही वाड्यांना मनापासून वाटत होतं. त्या क्षणी देवळात तिच्या भल्याचा विचार न करणारं एकही माणूस नव्हतं. त्या प्रेमातूनच पुढचा ठराव झाला आणि एकमताने झाला:

‘ठराव क्र. ७: कु. मृणाली ही चारही वाड्यांची मुलगी असलेने तिच्या कामात कोणताही अडथळा येता कामा नये. सबब चारही खऱ्या पट्ट्या पुनश्च बसविणेत याव्यात. प्रत्येक पट्टीवर सहा हजार असे स्पष्ट छापलेले असलेने वेग सहा हजारच ठेवणेत यावा, त्यापेक्षा कमी ठेवणे हा त्या त्या वाडीचा अपमान समजणेत येईल.’

विनीतने ठराव दोनदा वाचला. यंत्राच्या सेटिंगमध्ये जाऊन वेग सहा हजार करता येतो, असं तो म्हणाला. चालू होईल. चालू राहील का ते तो सांगू शकत नाही. त्याने हे लिहून मागितलं आणि ते लिहून देण्यात आलं. (हा कागद दप्तरात आहे. त्यावर चार सह्या आहेत, चारही एकाच उंचीवर.)

तेरावी फिल्म सगळ्यांत मोठी होती, एका पूर्ण संकुलाची. मृणालीने ती शुक्रवारी संध्याकाळी लावली. शनिवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, काम शेकडा चौऱ्याण्णव झालेलं असताना, पडदा निळा झाला आणि यंत्र पडलं. तिने पुन्हा चालू केलं. चारी पट्ट्यांची ओळख होईपर्यंत दहा मिनिटं गेली, मग सात मिनिटं काम झालं आणि यंत्र पुन्हा पडलं. ती घरी धावत आली.

“बाबा, झालेलं काम शाबूत आहे. राहिलेलं दोन पट्ट्यांवर पाऊण तासात होईल. कुठल्याही दोन काढूया. मी काढू?”

सखारामांना वेळ कळत होती. पावणेचार झाले होते. सव्वापाचपर्यंत काढल्या तरी चालत होतं. पण या वेळी चोरून काहीही करायचं नाही असं त्यांनी देवळात मनाशी ठरवलं होतं. “थांब,” ते म्हणाले. “विचारून येतो. नाही कोण म्हणणार आहे.”

नाही कोणीच म्हटलं नाही. हे नमूद करणं आवश्यक आहे, कारण पुढे याबद्दल बरेच गैरसमज पसरले. खालचीवाडी म्हणाली, काढा की, आधी सडेवाडीची काढा, मग आमची हक्काने काढा. मधलीवाडी म्हणाली, आमची आत्ता काढा, फक्त देऊळवाडीची आत राहता कामा नये. सखाराम घरी परत येऊन आपल्या वाडीला म्हणाले, आपलीच आधी काढू. देऊळवाडी म्हणाली, काढू, पण मग पहिल्या जागेवर कोण बसणार ते आधी ठरू दे. मग सखाराम सड्यावर चढले. अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी ती चढण जवळजवळ पळत काढली. रामा खाणीवरून नुकताच आला होता आणि पाय धूत होता. सगळं ऐकून तो म्हणाला, “दादा, आमची काढा. आत्ता काढा. पोरीपरास पट्टी मोठी नाय.”

सखारामांना रडू येईल असं वाटलं. “देव तुझं भलं करो. आणि दुसरी कुठली?”

“ती कंची पण काढा,” रामा पाय पुसत म्हणाला. “फक्त एवढं सांगा, आमची काढली म्हणून कमी कोण झालं? ते एकदा चौघांत ठरू द्या, लिहून. मी खाली येतोच.”

तेव्हा सहा वाजून चार मिनिटं झाली होती. खाली सभागृहाच्या खोलीत मृणाली यंत्रासमोर बसून होती. तिने बापाची वाट पाहिली होती, पट्टीला हात लावला नव्हता. सखाराम आले तेव्हा तिने फक्त पाणी आणून दिलं. “दमलात,” ती म्हणाली. त्यांना तिने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

सोमवारी कंपनीचं पत्र आलं, आणि ते फार चांगलं होतं. मृणालीसारखी माणसं कंपनीला मिळत नाहीत, त्यामुळे तिला सोडायचा प्रश्न नाही. अडचण तिची नसून तिच्या यंत्राची आहे. तिने एक तारखेपासून अंधेरीच्या कचेरीत येऊन बसावं. तिथे चांगली यंत्रं आहेत. (त्यांत प्रत्येकी दोन पट्ट्या आहेत, असं तिने नंतर आईला फोनवर सांगितलं. आईने ते घरात कोणाला सांगितलं नाही.)

गावाला आनंद झाला. अभिनंदनाचा ठराव एकाच बैठकीत, एकही दुरुस्ती न येता मंजूर झाला. अकरा वर्षांत असं प्रथमच घडत होतं, पण सखाराम त्या बैठकीला नव्हते. चारही वाड्यांनी मृणालीला एकेक नारळ, एकेक टोपली आंबे आणि एकेक सल्ला दिला.

सकाळच्या गाडीला सखाराम तिला सोडायला तिठ्यावर गेले. सामान वर ठेवायला ते गाडीत चढले, ते तिने म्हटलं म्हणून नव्हे, तर तिच्याबरोबर आणखी दोन मिनिटं मिळावीत म्हणून. बॅगा लावल्या, टोपल्या सीटखाली सरकवल्या, तिच्या शेजारची खिडकी नीट लागते का ते पाहिलं. मग खाली उतरता उतरता त्यांचा हात सवयीने वर गेला आणि त्यांनी दोरी ओढून दोनदा घंटी दिली. गाडी सुटली. ती दिसेनाशी होईपर्यंत त्यांचा हात तसाच वर होता. आपल्याला कोणी हात करायला सांगितलं नव्हतं, घंटी द्यायलाही नाही, हे घरी जाताना त्यांच्या लक्षात आलं आणि ते वाटेत एका दगडी गडग्यावर बराच वेळ बसून राहिले.

यंत्राविषयी सांगायचं तर ते आता उत्तम चालतं. चारही जागा भरलेल्या आहेत, वेग पूर्ण सहा हजार आहे, आणि त्यावर कोणी काम करत नसल्यामुळे ते एकदाही पडलेलं नाही. सणासुदीला ते अर्धा तास चालू करून सर्वांना दाखवण्यात येतं. मतदार यादीच्या आकडेवारीतही सुधारणा झाली आहे. गावात राहणाऱ्या तरुणांचा शेकडा एक पूर्णांक सहा दशांश हा किचकट अपूर्णांक जाऊन तिथे सुटसुटीत शून्य आलं आहे.

मृणाली मुंबईत पोचल्याला आठवडा होतो न होतो तोच तिला सुजय बने यांचा फोन आला. ‘युवक टिकवा’ समितीवर तरुण प्रतिनिधीची जागा कित्येक दिवस रिकामी होती, ती भरायची होती. तिने विचारलं, ही जागा आधीच का नाही दिली, मी तर गावातच होते. सुजयरावांनी समजावून सांगितलं की समितीच्या बैठका रविवारी दादरला होतात, त्यामुळे घटनेनुसार सभासदाचं वास्तव्य गावाबाहेर असणं आवश्यक आहे. तिने होकार दिला. समितीत सध्या चाळीस जण आहेत. सगळे गावाविषयी अत्यंत कळकळीने बोलतात आणि सखारामांसारख्या माणसांमुळे गावं कशी ओस पडली यावर त्यांचं एकमत आहे. आपणही इथवर वाचताना त्याच मतावर आला असाल. समितीत आणखी सभासद घ्यायचे आहेत. अट फक्त वास्तव्याची आहे, आणि ती आपण पूर्ण करता असं धरून आपलं नाव यादीत घातलं आहे.